आमचा बंब : एक मेकॅनिकल अभ्यास

थर्मलच्या पेपरात 'सिंपल व्हर्टिकल बॉयलर'ची आकृती काढून आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मार्क मिळवले आहेत. बाहेरचा उभा डबा, मधून जाणारी धुराची नळी, खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा. सबमिशनच्या रात्री ही आकृती काचेवर ठेवून खालून बल्ब लावून 'ट्रेस' करणारे महाभागही आपल्यात आहेत. पण मित्रांनो, हाच बॉयलर रोज पहाटे साडेपाचला होस्टेलच्या मागच्या अंगणात धूर सोडत उभा असतो, आणि आपण त्याच्यासमोर बादली घेऊन रांगेत जांभया देत असतो, हे किती जणांच्या लक्षात आलंय?

होय, मी आपल्या बंबाबद्दलच बोलतोय. गच्चीवर सोलरचे पॅनल आहेत, पण आषाढ-श्रावणात सूर्यदेव रजेवर गेले की तेही रजेवर. हीटरचा रॉड रूममध्ये सापडला तर जप्ती ठरलेली (आणि ती योग्यच आहे, प्लास्टिकच्या बादलीत रॉड सोडून झोपी जाणारे लोक मी पाहिले आहेत). मग उरतो तो बंब.

या बंबावर लेख लिहायला दोन कारणं घडली. एक म्हणजे, डिसेंबरच्या थंडीत कोपऱ्यातल्या खोलीतल्या ज्युनियर मंडळींनी बंबातले निखारे लोखंडी घमेल्यात काढून रूममध्ये नेले, खिडक्या लावल्या आणि अभ्यासाला बसले. पहाटे तिघांचंही डोकं ठणकत होतं, एकाला उलट्या झाल्या आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मेसमध्ये दिवसभर 'कालची भाजी' यावरच चर्चा! दुसरं कारण म्हणजे मेस कमिटीच्या बैठकीत आलेली सूचना: पावसात लाकडं भिजतात, आपणही भिजतो, तेव्हा बंब उचलून आतल्या कपडे वाळवायच्या खोलीत ठेवावा. या सूचनेला माझा विरोध आहे. का, ते सांगण्यासाठी आधी बंब नीट समजून घ्यावा लागेल.

आपला बंब तांब्याचा आहे, त्यात साधारण चाळीस लिटर पाणी मावतं. मधल्या नळीतच वरून लाकडं सोडायची, ती खाली जाळीवर जळतात. गरम वायू त्याच नळीतून वर जातो आणि जाता जाता नळीभोवतीच्या पाण्याला उष्णता देतो. म्हणजे नळी हेच जळणाचं कोठार, तीच भट्टी आणि तेच धुराडं. इथेच बंबाची सगळी मेख आहे. घाईघाईत कोणी नळी गळ्यापर्यंत लाकडांनी ठासून भरली, तर वायूला वर जायला वाट राहत नाही. विस्तव गुदमरतो, धूर खालच्या तोंडाने बाहेर येतो, आणि मग आपण डोळे चोळत फुंकणीने फुंकत बसतो.

वायू वर का जातो, याचं गणित 'ड्राफ्ट'च्या चॅप्टरमध्ये आहे. बाहेरची हवा वीस डिग्री, आतला वायू सरासरी तीनशे डिग्री धरला, तर एक मीटर उंचीच्या नळीत दाबाचा फरक येतो जेमतेम सहा पास्कल, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या मिलिमीटरइतका. एवढ्याशा ताकदीवर सगळं चाललेलं असतं. जाळीत राख अडकली, नळी भरली किंवा वाऱ्याचा झोत वरून आला, की हा अर्धा मिलिमीटर संपतो. म्हणून पेटवण्याआधी जाळी झटकून मोकळी करायची आणि राखेचा कप्पा रिकामा करायचा. बंब सांभाळणारे मामा हे रोज न चुकता करतात. ते नसले की आपण करत नाही, आणि नेमका त्याच दिवशी 'आज बंब पेटतच नाही' असा गलका होतो.

पेटवताना तळाशी नारळाची शेंडी किंवा कागद, त्यावर बोटाएवढ्या काटक्या, त्या धडधडून पेटल्या की मग बंबफोड. हा शब्द शहरातल्या मित्रांना नवा असेल. बंबाच्या नळीत जातील अशा बेताने फोडलेल्या लाकडांना बंबफोड म्हणतात, वखारीत त्या नावाने मागितलं की मिळतं. एका वेळी तीन-चार तुकडेच टाकायचे. थोडं थोडं आणि वरचेवर. बाभळीचं लाकूड जड, त्याचे निखारे टिकतात. करवंट्या जोरात पेटतात पण लगेच संपतात. गोवरी सावकाश जळते, पण धूर फार. वेफर्सची पाकिटं, जुन्या वायरींचे तुकडे, पीव्हीसीचे पाईप, रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूड बंबात टाकायचं नाही. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो पाण्याशी मिळून हायड्रोक्लोरिक ॲसिड होतो, आणि ते पाणी आपल्या नाकात, घशात आणि फुप्फुसातही असतंच.

आता ओल्या लाकडाचं. नुकत्याच तोडलेल्या दोन किलो लाकडात जवळजवळ एक किलो पाणीच असू शकतं. ते पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत पंधरा लिटर पाणी चाळीस डिग्रीने तापलं असतं. म्हणजे ओलं लाकूड जाळणारा माणूस आपली बादली तापवायच्या आधी लाकडाची बादली तापवतो! शिवाय विस्तव थंड राहतो, धूर होतो, काजळी धरते. लाकूड वाळलं की नाही ते ओळखायची सोपी खूण आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणटणीत आवाज आला आणि टोकांना चिरा दिसल्या तर वाळलेलं, भद्द आवाज आला तर ओलं. रचताना थेट जमिनीवर न रचता खाली दोन विटा-दांडके ठेवावेत, वरून झाकावं, बाजू उघड्या ठेवाव्यात. ताडपत्रीत गच्च गुंडाळलेलं लाकूड वाळत नाही, कुजतं.

मग आपला बंब किती कार्यक्षम आहे? मी मेसचा तराजू आणि लॅबचा थर्मामीटर घेऊन एका रविवारी हे मोजलं. चाळीस लिटर पाणी बावीस डिग्रीवरून बासष्टवर न्यायला दीड किलो वाळलेली बाभूळ लागली. पाण्याने घेतलेली उष्णता ४० गुणिले ४.१८ गुणिले ४०, म्हणजे ६.७ मेगाज्यूल. लाकडाचं उष्मांक-मूल्य किलोला १५ मेगाज्यूल धरलं तर आपण दिले २२.५. कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या आसपास. बाकीची सत्तर टक्के धुराबरोबर वर गेली, पत्र्यातून हवेत गेली आणि निखाऱ्यांत शिल्लक राहिली. या शिल्लक निखाऱ्यांकडे मी पुढे येणार आहे.

'पाणी पार खळाखळा उकळू दे' हा आपल्याकडचा आवडता आग्रह. त्याने काही साधत नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की सव्वादोन मेगाज्यूल गेले, म्हणजे जवळजवळ एका आंघोळीची बादली हवेत. पाणी जितकं जास्त गरम तितकं ते धुरातून उष्णता कमी ओढतं आणि बाहेर जास्त घालवतं. साठ-पासष्ट डिग्रीला थांबलेलं बरं. तेवढं पाणीही अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं, म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्यायचं आणि मग गरम. भाजलंच तर जागा वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायची. टूथपेस्ट लावायची नाही.

साफसफाईच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे आणि मामांशी माझा यावर वाद चालतो. सगळे म्हणतात, बंबात क्षार धरले म्हणून पाणी लवकर तापत नाही. हीट ट्रान्स्फरच्या पद्धतीने एकेक थराचा अडथळा काढून पाहू. धुराच्या बाजूची फिल्म : गुणांक वीस धरला तर अडथळा १/२०, म्हणजे ०.०५. एक मिलिमीटर तांब्याचा पत्रा : तांब्याची वाहकता ३९० च्या आसपास, म्हणजे अडथळा नगण्य. दोन मिलिमीटर क्षाराचा थर : वाहकता दोन धरली तर ०.००१. आणि एक मिलिमीटर काजळी, जिची वाहकता ०.१ च्या घरात : ०.०१. म्हणजे तेवढ्याशा काजळीचा अडथळा जाड क्षाराच्या दहापट! आणि तांब्याचा बंब 'तांबं चांगलं वाहक म्हणून' लवकर तापतो ही समजूतही बाजूला ठेवायला हरकत नाही, खरा अडथळा धुराच्या बाजूला आहे. लोखंडी बंबही जवळजवळ तेवढ्याच वेळात तापेल. तो गंजेल, हा भाग निराळा.

तेव्हा आधी काजळी. आठवड्यातून एकदा, बंब पूर्ण थंड असताना, काठीला काथ्याचा बोळा बांधून नळी वरून खालपर्यंत घासून काढायची. तोंडाला रुमाल बांधून. क्षारांचं काम वर्षातून दोनदा केलं तरी पुरे. सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, कोमट पाण्यात घालून काही तास ठेवायचं, झाकण उघडं ठेवायचं कारण फेसाबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड निघतो, मग दोन-तीनदा खळबळून धुवायचं. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, त्याने क्षारांबरोबर सांधेही खाल्ले जातात. क्षारांनी उष्णता फार अडत नसली तरी तोटी चोंदते, म्हणून हे करायचं.

तोटीवरून आठवलं. बॉयलर आणि बंब यांत एक मोठा फरक आहे : बंब हे दाबाचं भांडं नाही. त्याचं वरचं तोंड मोकळं असतं म्हणून तो सुरक्षित असतो. वाफ जाते म्हणून कोणी त्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला तर काय होईल? आतलं पाणी १२० डिग्रीला पोचलं की वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा एक बारने जास्त होतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर तो जोर सातशे किलोंच्या वर जातो. पातळ पत्रा आणि डाखाचे सांधे यांच्याकडून एवढी अपेक्षा ठेवू नये.

दुसरा नियम : आधी पाणी, मग विस्तव. आणि विस्तव असेपर्यंत बंब रिकामा होऊ द्यायचा नाही. पाणी आहे तोवर पत्रा शंभर डिग्रीच्या जवळपासच राहतो. पाण्याची पातळी खाली गेली की नळीचा वरचा भाग कोरडा पडून तापत जातो, आणि कथील-शिशाचा डाख १८३ डिग्रीच्या पुढे पातळ होतो. बॉयलरमध्ये 'फ्युझिबल प्लग' मुद्दाम बसवतात, इथे सांधाच प्लगचं काम करतो आणि बंब गळायला लागतो. एक बादली गरम काढली की एक बादली थंड ओतायची, एवढं पाळलं तरी तांबटाकडची फेरी वाचते. डाखात शिसं असू शकतं, म्हणून बंबाचं पाणी प्यायला किंवा मॅगीला वापरू नये. (ज्यांना उद्देशून हे लिहिलंय त्यांना ते कळलंय.)

आता त्या घमेल्याकडे येतो.

धूर दिसतो तोवर आपण सावध असतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, आपण आपोआप लांब जातो. निखारे झाले की धूर संपतो आणि आपल्याला वाटतं, आता नुसती ऊब राहिली. नेमकं उलट आहे. केमिस्ट्रीत 'प्रोड्यूसर गॅस' शिकलो होतो : लाल तापलेल्या कोळशाच्या थरातून हवा सोडली की खाली आधी कार्बन डाय-ऑक्साइड बनतो, तो वरच्या तापलेल्या कार्बनला भेटतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा याच वायूवर मोटारी चालवल्या गेल्या. निखाऱ्यांवर नाचणाऱ्या निळ्या ज्योती म्हणजे तोच वायू जळत असतो. त्या ज्योती विझल्या की वायू बनायचा थांबत नाही, फक्त न जळता खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. घमेल्यात ज्युनियर मंडळींनी नेलं ते मोटारीचं इंधन होतं.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. थोडं असलं तरी साठत जातं. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, झोप येते. आणि झोप आली की माणूस उठून दार उघडेल ही आशा संपते. वास येत नाही म्हणून खाणीत पूर्वी पिंजऱ्यात पक्षी नेत. ती युक्ती सुचवणाऱ्या जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९५ साली स्वतःवर प्रयोग करून या वायूचा परिणाम नोंदवला होता. (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन इथलेच झाले.)

किती वायू होतो याचा अंदाज करू. दोन मीटर बाय दीड मीटरची, अडीच मीटर उंचीची बंद न्हाणी घ्या. आकारमान साडेसात घनमीटर. त्यात फक्त शंभर ग्रॅम कोळसा जळला. त्यात ऐंशी ग्रॅम कार्बन धरू, आणि त्यातला दहा टक्केच मोनॉक्साइड झाला असं धरू. आठ ग्रॅम कार्बनचे होतात साडेअठरा ग्रॅम मोनॉक्साइड. दर घनमीटरला जवळजवळ २५०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन हजार पीपीएमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घरातल्या हवेसाठी एका तासाची मर्यादा दिली ती आहे ३५ मिलिग्रॅम. सत्तरपट! खोलीत थोडी हवा येत-जात असते, म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी येईल. पण घमेल्यात शंभर ग्रॅम नव्हते, चांगले दीड-दोन किलो निखारे होते.

'खिडकी चार बोटं उघडी ठेवली होती' असं ते सांगत होते. या वायूचा रेणुभार २८, हवेचा सरासरी २९. तो ना तळाशी बसत, ना छताला जात, सगळीकडे मिसळतो. त्यामुळे वर फट ठेवावी की खाली, ही चर्चा फोल आहे. निखारे खोलीत न्यायचेच नाहीत. ना घमेल्यात, ना शेगडीत, ना मातीच्या कुंडीत.

'आमच्या आजोबांच्या वाड्यात बंब न्हाणीघरातच होता, कुणाला काही झालं नाही' असंही बैठकीत ऐकलं. ते न्हाणीघर मीही गावी पाहिलंय. वर कौलं, कौलांच्या फटीतून चांदणं दिसायचं, दार म्हणजे अर्धवट फळी, आणि पाणी जायला भिंतीत मोरीचं भोक. घर हवा गाळत होतं म्हणून माणसं वाचली. आपली वाळवणीची खोली आरसीसी स्लॅबची आहे, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, आणि पावसात त्या बंदच असणार. त्यात बंबाची नळी खोलीतच तोंड उघडते. धुराड्याचा पाईप लावून छताबाहेर काढला तरी लाकूड टाकायला तो दर वेळी उघडावा लागणार, आणि आपला तो अर्धा मिलिमीटर ड्राफ्ट वाऱ्याने केव्हाही उलटणार. बाजूच्याच व्हरांड्यात बारा जण झोपतात.

एवढं सांगूनही कुठे असा प्रकार झालाच तर : दारं-खिडक्या सताड उघडा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि 'कोळशाचा धूर' असं स्पष्ट सांगा. एका खोलीत सगळ्यांचंच डोकं एकदम दुखतंय आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय, ही मोठी खूण. कोविडपासून प्रत्येक होस्टेलात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. इथे त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजन चिकटल्यासारखंच दिसतं, म्हणून माणूस गुदमरत असतानाही आकडा अठ्ठ्याण्णव दाखवू शकतो. दवाखान्यात रक्त तपासूनच ते कळतं, आणि उपाय म्हणजे ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर एक-दीड तास. मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो. ज्या मजल्यावर गॅस गीझर आहे तिथे तर तो हवाच, कारण बंद न्हाणीत गीझरही हेच करतो.

मग शिल्लक निखाऱ्यांचं काय करायचं? शेवटच्या बादलीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लाकूड टाकणं थांबवायचं आणि बंब पुन्हा पाण्याने भरून ठेवायचा. उरलेली धग त्या पाण्यात जाते, आणि आठ वाजता मेसच्या मावशींना भांड्यांना कोमट पाणी मिळतं. गेला महिनाभर आम्ही हे करतोय. राख मात्र त्याच दिवशी प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकायची नाही, राखेच्या पोटात विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. झाकणाचा पत्र्याचा डबा, लाकडांपासून लांब. थंड झाली की मावशी मागतातच.

राहिला पावसाचा प्रश्न. लाकडं भिजतात आणि आपण भिजतो, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी बंब आत नेण्याऐवजी छप्पर बाहेर नेता येईल. सिव्हिलच्या मित्रांनी अंगणातल्या जागेची मापं घेतली आहेत : चार खांब, उतरते सहा पत्रे, चारही बाजू उघड्या, बंबाच्या बरोबर वर पत्र्यात धुराला गोल भोक आणि त्यावर टोपी, पश्चिमेला लाकडांसाठी विटांचा ओटा. एस्टिमेट रेक्टर सरांच्या टेबलावर आहे.